विटका मंडप

मालवणातला तो मंडपवाला गिऱ्हाइकाशी बोलतानाही कापडाकडेच बघतो. आग लागू नये म्हणून तो मंडपाचं प्रत्येक कापड औषधाच्या पाण्यात बुचकळून वाळवतो. त्या औषधाने रंग उन्हात लवकर उडतो. त्याचं लाल कापड एका हंगामात विटकरीसारखं होतं.

"तुझ्या मंडपात नवरो म्हातारो दिसतलो रे!" पुतणीच्या लग्नाआधी मी त्याला चारचौघांत चिडवलं.

"दिसांदे," कापडाची कड चोळत तो म्हणाला. "घराक तरी जातलो."

मी दुसरीकडून लालभडक मंडप आणला. लग्नात दिव्याच्या वायरीची ठिणगी पडली आणि तो भडकला. पंगतीत वाढणारी आमची काकी त्यात गेली. घरी मी सांगितलं, त्या मंडपवाल्यानेच काम नाकारलं होतं. ते खोटं होतं.

बाराव्याला तो आला, तेव्हा काकीच्या मुलाने त्याला धरलं. "आमच्या लग्नाक तू कित्याक नाय म्हटलंस रे? तुझो मंडप असतो तर आई जगली असती."

मी शेजारीच उभा होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माका सवड नव्हती," तो म्हणाला.

काकीचा मुलगा आता त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलतो.