बैठकीतली बाग

मला पाहायला निर्मल गावचे पाहुणे येणार होते. पोरीच्या हातचं काहीतरी भिंतीवर दिसायला हवं, ही आमच्या जैनथकडची रीत. म्हणून मी महिनाभर खपून काढलेलं बागेचं मोठं चित्र बाबांनी बैठकीत लावलं. निर्मल म्हणजे चित्रांचं गाव, पारख तर असणारच! पोहे खाता खाता मुलाच्या आईनं फुलं वाखाणली, मामानं मोर. मुलगा चित्राच्या इतका जवळ गेला की माझ्याकडे त्याची पाठच झाली. बाबांना त्या बागेत माझा मांडव दिसत होता. माझ्याकडे सगळ्यांनी एकदाच पाहिलं. मेल्यांना तेवढं पुरलं.

पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा फोन आला. "पोरगी काळी हाय, जमत नाही म्हणतात. पण ते चित्र त्यायले लई आवडलं. नव्या घरात लावाचं म्हणतात."

मला वाटलं, बाबा फोन आपटतील. त्यांनी चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि ते बसनं निर्मलला जाऊन स्वतः देऊन आले.

आई रिकाम्या खिळ्याकडे पाहत म्हणाली, "दुसरं काढून ठेव. रविवारी भैंसा गावचे पाहुणे येऊन राह्यले. अन् या बारी लहान काढ, बसमध्ये नेता आलं पाहिजे."