सेटलमेंटमधली हजेरी

गिरिजाबाईंना शाळेत मागून सगळे 'उंडग्या बाई' म्हणत. कारण त्यांचा इतिहासाचा तास वर्गात सहसा सापडायचाच नाही. कधी पोरं जुन्या गिरणीच्या भिंतीला दोरी लावून मापं घेत असायची, कधी कुणाच्या आज्जीला प्रश्न विचारत ओट्यावर बसलेली असायची. हेडमास्तर कपाळावर हात मारून घेत, पण बाई ऐकतील तर शपथ.

चौऱ्याहत्तर साली बाईंनी नववीच्या मुलांना सेटलमेंटमध्ये न्यायचं ठरवलं. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि त्यांना इथं, सोलापुरात, सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड कोंडलं, हे पुस्तकात नव्हतं. तार निघून वीसेक वर्षं झाली होती. त्या तारेआड जन्मलेल्या ईरम्मांनी मुलांशी बोलावं म्हणून बाईंनी कितीतरी खेटे घातले होते. त्या बोलल्या नाहीत तर पोरांची महिनाभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

पोचल्यावर बाईंनी सवयीप्रमाणे पोरांना ओळीत उभं केलं आणि खड्या आवाजात हजेरी सुरू केली.

"चन्नवीर."

"हजर."

समोरच्या घराचं दार उघडलं. ईरम्मा पदर सावरत बाहेर आल्या आणि ओळीच्या टोकाला मान खाली घालून उभ्या राहिल्या. हाताला ज्वारीचं पीठ तसंच होतं. कुंपणात रोज अशीच हजेरी व्हायची, आणि चुकली की शिक्षा. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं थोडंच? त्यांनीच तर ते फळ्यावर लिहून दिलं होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी हजेरीपट मिटला आणि ईरम्मांचा पिठाचा हात हातात घेतला. "चुकलं माझं, ईरम्मा. तुमची हजेरी आता कुणीच घेऊ शकत नाही."

"न्हाय आलं तर चालतंय?"

"चालतं की."

"बोलायचं न्हाय म्हनलं तरी?"

बाईंनी वह्या उघडून उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं.

"तरीही चालतं."

ईरम्मा वळल्या, घरात गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, वहीत काय लिहू?" चन्नवीरनं हळूच विचारलं.

"लिही, ईरम्मा आज गैरहजर." बाईंचे डोळे भरून आले होते, पण खरं सांगायचं तर त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दाराआडून ईरम्मांचाच आवाज आला, "ईरम्मा न्हाय घरात. पर च्या टाकलाय की. पोरास्नी बसवून घ्या."