मी दुष्काळासाठी परत आलो नाही

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर याच्या नेमकं उलट माहीत आहे — लग्न जमताना तिच्या वडिलांना जी गोष्ट सांगितली गेली, तीच ती आजही कौतुकाने चारचौघांत सांगते. मी तेव्हा चहाचा कप उचलतो. तुम्हाला तरी का सांगतोय? कुठेतरी एकदा सरळ बोलायला हवं, म्हणून.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतून परतलो. आमचं उदगीरला कापडाचं दुकान. फोनवर वडिलांना म्हणालो, तुम्ही तिथे टँकरची वाट बघत बसायचं आणि मी इथे गार हवेत नोकरी करायची, हे मला बघवत नाही. वडील म्हणाले, "ये बाबा. लई झालं तिकडं."

नोकरी? कुठली नोकरी? शिक्षण संपल्यावर तिथे वर्षभर काम करायची परवानगी मिळते, पण त्यात सगळे मिळून नव्वद दिवसच बेकार राहता येतं, मग देश सोडायचा. माझे नव्वद संपत आले होते. त्याआधीच्या दोन वर्षांत साधी इंटर्नशिपही मिळाली नव्हती. घरी सांगितलं होतं की उन्हाळ्यात कंपनीत जातोय — जात होतो विद्यापीठाच्या खानावळीत, ट्रे धुवायला. करिअर फेअरमध्ये कंपन्या टेबलं मांडून बसायच्या आणि आम्ही रिज्यूमे घेऊन रांगेत. टेबलामागची बाई गोड हसून विचारायची, पुढे व्हिसासाठी आमची मदत लागेल का? हो म्हटलं की हसू तसंच राहायचं, रिज्यूमे मात्र वेगळ्या गठ्ठ्यात जायचा. माझ्याबरोबरच्या काहींना मिळाली कामं, नाही असं नाही. मला मिळालं नाही. एवढं साधं वाक्य होतं ते — पण वडिलांपुढे तोंडातून निघेना, आणि दुष्काळ आयताच सापडला.

मग समाजाच्या गुणवंत सत्कारात माझंही नाव घातलं गेलं. त्या वर्षी उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी पुन्हा हवा होती. अध्यक्ष आधी त्यावर बोलले, मग पाण्यावर, मग माझ्यावर. अमेरिकेच्या नोकरीला लाथ मारून आलेलं आपलं लेकरू, म्हणाले. शाल, नारळ, टाळ्या. वडील पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. मला लाज वाटली, मी मान खाली घातली — लोकांना तो विनय वाटला.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. खोटं माझं होतं आणि मलाच टोचत होतं.

पुढे नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो. परदेशी जाऊ पाहणाऱ्या पोरांना मार्गदर्शन करायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. अश्विनी माझी विद्यार्थिनी, अर्धापूरची, घरी केळीची बाग. शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने तिची निवड केली होती, आणि त्याच सुमारास अमेरिकेतला प्रवेशही हातात आला. वडिलांना घेऊन ती माझ्याकडे आली. ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर. म्हणाले, "सर, मला यातलं काय कळत न्हाई. तुम्ही जाऊन आलाव. पोरीला तिकडं काम मिळंल का? न्हाईतर पुणं बी काय वाईट हाय?"

मला मिळालं नव्हतं — एवढंच सांगायचं होतं. पुढचं त्यांनी ठरवलं असतं. पण समोर विद्यार्थिनी, बाहेर सहकारी, आणि अमेरिकेच्या नोकरीला लाथ मारून आलेला म्हणून कॉलेजातही ठाऊक असलेला तो मी. म्हणालो, मला पहिल्याच उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली होती, हिला का नाही मिळणार? अश्विनीने त्याच आठवड्यात पुण्याला नकार कळवला.

वर्षभराने तिचा मेसेज आला. सर, फेअरमध्ये व्हिसाचं विचारतात आणि हो म्हटलं की रिज्यूमे बाजूला ठेवतात. तुम्ही काय उत्तर दिलं होतं? — तो गठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर होता. तोच प्रश्न, तेच हसू. मी लिहिलं, आत्मविश्वासाने बोल. तिने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. नंतरही ती विचारत राहिली, आणि दरवेळी मी तेच, थोडं फिरवून, लिहीत राहिलो. यात भित्रेपणा किती आणि क्रूरपणा किती? मला वेगळं करता येत नाही.

तिचेही नव्वद दिवस संपले. परत आल्यावर भेटायला आली, घरच्या केळीचे वेफर्स घेऊन. पुण्याच्या त्या कंपनीला तिने पुन्हा विचारलं होतं. जागा केव्हाच भरली होती. माझ्यावर जरासुद्धा राग नव्हता. म्हणाली, "तुम्हाला जमलं सर, मलाच बोलता आलं न्हाई तिथं. मीच कमी पडले."

तेव्हा तरी सांगायचं. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, होतं असं कधी कधी. आणि इंग्रजी सुधारायला एक क्लास सुचवला. तिने पत्ता लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलं, आणि सहा महिने रोज अर्धापूरहून बसने येऊन तो पूर्ण केला.