काकांचा बेज

गाडीचं सीट उचललं की खाली काय काय निघतं. सुपारी, तुटकी बांगडी, कुणाचं तरी बाळमोजं. आमच्या दुकानातले किस्से असेच साचलेत. मुद्दाम कुणी ठेवले नाहीत, पण झाडायला घेतलं की निघतातच. हसवणारे थोडे, बाकीचे विचारू नका.

काशीत आमचं दुकान लहरताऱ्याला, घर रामघाटावर. झिजलेलं स्टिअरिंग, उन्हाने उतरलेला डॅशबोर्ड, कोपर टेकून टेकून काळी पडलेली दारं, गाडीच्या आतलं असलं सगळं आम्ही पुन्हा रंगवतो. काका रंग मिसळतात, त्यांचा मुलगा माधव स्प्रे गन चालवतो, आणि मी पुतण्या, घासणं नि चिरा बुजवणं माझ्याकडे. आमच्या गल्लीत स्कूटर शिरताना आरसे मिटावे लागतात, गाडी कुठली यायला! शेजारचे गुरुजी एकदा काकांना म्हणाले, "अरे, बाहेरचा रंग देत असतास तर समजलो असतो. आतला कोण बघतो?"

"जो बसतो तो," काका म्हणाले.

*

साड्यांचे एक व्यापारी आले. दारावर पानाचे डाग. "एकदम नया जैसा चाहिए, मास्टरजी."

काकांनी परोपरीने समजावलं. सगळी गाडी उन्हाने उतरली आहे, एकच दार नवं केलं तर विजोड दिसेल, थोडा फिकाच रंग लावू. ऐकतो कोण? मग काकांनी सीटखाली, जिथे कधी ऊन लागलं नाही तिथला बेज बघून हुबेहूब तसाच लावून दिला. आठवड्याभरात शेठ तणतणत हजर. "आपने तो बाकी पूरी गाड़ी पुरानी कर दी!"

*

बँकेतून रिटायर झालेले एक मराठी साहेब होते, मंगला गौरीजवळ राहायचे. गाडी दिली आणि म्हणाले, "सगळं करा. फक्त डाव्या दाराला हात लावू नका."

डाव्या दाराच्या आर्मरेस्टवर बारीक बारीक चरे होते, बांगड्या घासून पडतात तसे. काकांनी कागद आणि टेप लावून तेवढं दार झाकलं नि बाकीचं काम केलं. न्यायला आले तेव्हा साहेबांनी आमचं काम बघितलंसुद्धा नाही. डावं दार उघडलं, चऱ्यांवरून बोट फिरवलं, आणि गाडी घेऊन गेले.

*

रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडातच, हा काकांचा नियम. पौषात इथे कोहरा, म्हणजे दाट धुकं, धरला की काम ठप्प. कुणी घाई केलीच, "मास्टरजी, घर में शादी है," तर काका म्हणायचे, "सूरज ले आइए, रंग हम दे देंगे."

मग एका थंडीत काकांचा बेज निळसर यायला लागला. एकदोन गाड्या परत आल्या. "कोहऱ्यामुळे," काका म्हणाले. होळी झाली, चैत्र लागला, उन्हाळ्याची लू वाहायला लागली, काकांचा कोहरा काही हटेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सगळंच पिवळट दिसायचं त्यांना. आम्हाला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचे. एकदाच मला म्हणाले, "डोळा बिघडवून ठेवला त्यांनी तर? मला दुसरं काय येतं रे?"

तेव्हा माधवने एक सुरू केलं. काकांनी मिसळलेला रंग हातात आला की गन भरायच्या आधी आत जाऊन त्यात थोडा पिवळा घालायचा. रंग बरोबर बसायचा, गिऱ्हाईक खूश. काका वाळलेल्या कामावरून हात फिरवत म्हणायचे, "बघ, अजून नजर शाबूत आहे."

"हो बाबा," माधव म्हणायचा.

*

शेवटी काकू रडल्या, भांडल्या, आणि ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी काका दुकानात आले, बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिले. "ही भिंत पांढरी आहे होय?" एवढंच बोलले. मग बाहेर उन्हात खुर्ची टाकली, एक डॅशबोर्ड समोर घेतला आणि मन लावून बेज मिसळला. वाटी माधवच्या हातात दिली.

माधवच्या हाताला सवय. तो डॅशबोर्ड उचलून आत गेला, पिवळा घातला, गन भरली, मारलं. बाहेर घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

काका वाकून बघत राहिले. आधी उजवा डोळा मिटून, मग डावा मिटून.

"जुन्या डोळ्याला बरोबर वाटतं," ते म्हणाले. "नव्याला पिवळं दिसतंय. मी असा मिसळला नव्हता."

ते खुर्चीत बसले. "ऑपरेशन फुकट गेलं. गेला हा डोळा. उद्यापासून मी येत नाही, माधव. दुकान तुम्ही बघा."

मी माधवकडे बघितलं. त्याला बोलणं भाग होतं.

"बाबा, डोळा चांगला आहे तुमचा. पिवळा मी घातला."

काकांनी मान वर केली.

"आजच?"

माधव गन धुवायला लागला.