एका भुवईचे काका

अख्ख्या हैदराबादेत आगीला इतका भिणारा आणि आगीवर इतका जीव असणारा दुसरा माणूस नसेल. आमच्या गौलीगुड्यातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर, दोन खोल्यांत हे काका एकटे राहायचे. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले. मी तळमजल्यावर साड्यांना फॉल लावते, मीही एकटीच. बिल्डिंगमध्ये मराठी तोंडं एवढी दोनच, आणि त्यातलं माझं बहुतेक वेळ बंद.

काकांचा मुलगा बंगळूरला असतो. त्याने एका वाढदिवसाला वडिलांना गॅसवर चालणारी भाजायची मोठी शेगडी पाठवली. ग्रिल म्हणतात तिला. चार पाय, दोन चाकं, वर पेटीसारखं झाकण, बाजूला सिलिंडर. खोक्यावरच्या फोटोत तिच्यावर अख्ख्या कोंबड्या भाजत होत्या, आणि काकांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काकांनी झाकण बंद ठेवून गॅस सोडला, काडेपेटी शोधायला आत गेले, सावकाश परत आले आणि झाकण जरासं उचलून काडी लावली. आत साठलेला गॅस भपकन पेटला. काका वाचले, पण डावी भुवई गेली ती परत उगवलीच नाही. तेव्हापासून त्यांचा चेहरा उजवीकडून साधा आणि डावीकडून सतत काहीतरी विचारत असल्यासारखा दिसायचा.

दुसऱ्या कुणी ती शेगडी भंगारात दिली असती. काकांनी तिला रेल्वेचे नियम लावले. दोन वांगी भाजायची तर दीड तास तयारी. आधी झाकण सताड उघडायचं. मग नळीला साबणाचा फेस लावून नाक जवळ नेऊन बघत बसायचं. "बुडबुडा आला की समजायचं, गॅस पळतोय," असं ते म्हणायचे. खालची तेल गळायची ताटली देवाच्या भांड्यांसारखी घासलेली पाहिजे. भिंतीपासून शेगडीचं अंतर पावलांनी मोजायचं. काडी दोनदा लावून नाही पेटली, तर गॅस बंद करून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, घड्याळाकडे बघत. सगळं झालं की शेगडीच्या दांड्याला लाल फडकं बांधायचं आणि शिट्टी मारायची. शिट्टी झाली की गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे उतरवायचे, असा हुकूम होता. तिसऱ्या मजल्यावरच्या अम्मा रोज भांडायच्या, "क्या अंकल, दो बैंगन के वास्ते मेरी चार साड़ियाँ उतारते?" काका शांतपणे म्हणायचे, "अम्मा, बैंगन को जलने के वास्तेच रखे. साड़ी को नहीं."

एवढं करून झालेलं भरीत डब्यात घालून ते माझ्या दारात यायचे. "ताई, भरीत." मी दार अर्धंच उघडायचे. "बरं." कित्येक महिने आमचं बोलणं एवढंच होतं.

एकदा ते डबा न घेताच आले. हातात लाल रंगाची डबी आणि ब्रश. म्हणाले, "माझा हात थरथरतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शेगडीचे नियम लिहायचे आहेत. तुम्हाला लिहिता येतं ना?"

मी दार आणखी ओढून घेतलं. "चौथीपर्यंतच शिकले काका."

"नियम सहाच आहेत. चौथी पुष्कळ झाली."

मी भिंतीवर लिहीत गेले आणि ते मागे हात बांधून सांगत गेले. झाकण उघडून पेटवावे. नळीला फेस लावावा. ताटली घासावी. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नये, गॅस बंद, झाकण बंद. आग नळीकडे किंवा सिलिंडरकडे गेली तर काही वाचवत बसू नये, सगळ्यांना घेऊन खाली पळावे आणि बंबवाल्यांना फोन करावा. पहिल्या ओळी मी एवढ्या मोठ्या काढल्या, की सहावीला जागाच उरली नाही. ती तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत कशीबशी बसवली: एकट्याने पेटवू नये. काका उकिडवे बसून ती वाचत राहिले. म्हणाले, "हा नियम मीच रोज मोडतो. आजपासून तुम्ही वर येत जा."

तेव्हापासून ते मला मास्तरीणबाई म्हणायला लागले. मी वर जाऊन बसायचे, बोलायचे नाही, पण बसायचे. बिल्डिंगमध्ये उरलेले सगळे तेलुगू आणि उर्दू बोलणारे. नियम वाचता येणारी माणसं दोनच, ज्याने सांगितले तो आणि जिने लिहिले ती. मी हे एकदा हळूच बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "असू द्या. आगीला येत असेल मराठी."

मग पतंगांच्या दिवसांत त्यांचा मुलगा चार मित्रांना घेऊन आला. मराठी बोलायचा, पण त्याला वाचता येत नव्हतं. भिंतीकडे बघून म्हणाला, "बाबा, ये क्या लिहून ठेवलंय? लोक हसतात ना." काकांना त्याने पाहुण्यासारखं लांब खुर्चीवर बसवलं. मित्रांनी तेलात बुडवलेल्या कोंबडीचे तुकडे शेगडीवर पसरले. ताटली कुणी बघितली नाही. सकाळच्या तुकड्यांचं तेल तिच्यात तसंच तुडुंब होतं. काकांनी शिट्टी मारली. सगळे हसले. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा एकाने पतंग कापल्यावर करतात तसा हात वर केला. आणि ताटली पेटली.

ज्वाळा कमरेच्या वर उसळली. एक मित्र ओरडला, "पानी, पानी लाओ यारो!" आणि कपडे भिजवलेली बादली उचलून धावला. काका खुर्चीतून उठेपर्यंत तो पोहोचला असता. मी टाकीजवळच होते. चौथी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. आयुष्यात मी चार माणसांत आवाज काढला नव्हता, तो कुठून आला माहीत नाही.

"पानी नक्को!"

सगळी गच्ची थांबली. नक्को म्हटलं की हैदराबादेत तेलुगू माणूसही थांबतो. तो बादली धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात काकांनी सिलिंडरचा खटका फिरवून गॅस बंद केला आणि बाजूला उभं राहून लांब चिमट्याने झाकण पाडलं. आत थोडा वेळ धुसफूस झाली, मग धूर, मग काहीच नाही. काका धापा टाकत माझ्याकडे बघून हसले. "मास्तरीणबाई, आपला एकच शब्द अख्ख्या शहराला कळतो. तोच कामाला आला."

मुलाच्या हातावरचे केस जळले होते, बाकी काही नाही. पण रात्री जेवताना त्याने ठरवून टाकलं. "बाबा, या वयात एकटं राहणं आता बस. आज काही झालं असतं तर?" आग कुणाच्या हातून लागली, कुणी विझवली, हे मला सांगायचं होतं. मी पोळ्या वाढत राहिले. आठ दिवसांनी बंगळूरला जायला रिक्षात बसताना काका माझ्याकडे वळले, ती बिनभुवईची बाजू माझ्याकडे करून थांबले. तोच नक्को माझ्या ओठांवर होता. तो एकदाच येतो, असं दिसतंय.

शेगडी ते मला देऊन गेले. सिलिंडरही दिला. मी दर शुक्रवारी तिची ताटली घासते, आणि भिंतीवरचा रंग उडाला की अक्षरं पुन्हा गिरवते. खालची ओळ गिरवायला उकिडवं बसावं लागतं.

काकांचा फोन येतो. तिकडे मुलाकडे सगळं लाइटवर चालतं म्हणतात, ज्वाळा म्हणून दिसत नाही, फेस लावायला नळी नाही. "भ्यायलासुद्धा काही नाही हो इथे." परवा त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, वांगं भाजलं का कधी?"

"नाही काका."

"का? गॅस संपला?"

"भरलेला आहे. सहावी ओळ आठवते ना?"

काका तिकडे एकेक ओळ पुटपुटत 'एकट्याने पेटवू नये'पर्यंत आले. मग म्हणाले, "हौ. ती फार बारीक लिहिली होती तुम्ही."