मिठाचा फोटो

तरुण संशोधकांपैकी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच्या कामासाठी अनुदान कोणाला द्यायचं, हे ठरवायला यवतमाळला आलेल्या त्या तज्ज्ञांच्या चष्म्यावर समोशाच्या तेलाचे ठसे होते. माझा विषय बोंडअळीतला विषाणू. ते अंगठा जिभेला लावत माझ्या अर्जाची पानं उलटत होते. एक फोटो त्यांनी उलटा धरला, त्यावरचे आकडे डोक्यावर उभे राहिले, तरी मान डोलावली.

"वा, विषाणू काय मस्त दिसून राह्यला."

"सर, ते मिठाचे कण आहेत. नमुना नीट धुतला गेला नव्हता. चूक दाखवायला जोडलाय. विषाणू पुढच्या फोटोत आहे."

पुढचा फोटो करडा, धूसर होता.

"याच्यात काई दिसत नाई बाई. पयलाच राहू दे. मिठाचं कायले सांगतं कोणाले?"

अनुदान मिळालं. त्या अनुदानाच्या यंदाच्या माहितीपत्रकावर तोच मिठाचा फोटो आहे, खाली छापलंय, 'बोंडअळीतील विषाणू'. त्यांच्या चष्म्याची मी अजून चारचौघांत टिंगल करते. छापण्याआधी तो मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता. 'बरोबर' लिहून मी सही केली. माझा चष्मा स्वच्छ होता.