काचेअलीकडचा साहेब

आमच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. चुकलेल्या झेरॉक्स आणि किस्से. झेरॉक्स रद्दीवाला घेऊन जातो. किस्से दादा घेऊन जायचा. शनिवारी लातूरजवळ मुरुडला घरी गेला की जेवताना आईला एकेक सांगायचा, आणि आई हसण्याच्या नादात भाकरी करपवायची. आता दादा नाही. ते सगळे माझ्याकडंच पडून आहेत, म्हणून सांगतो.

दुकान नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स आणि व्हिसाच्या फायली. फोटो आणि झेरॉक्स माझ्याकडं, कारण मी नववी नापास. फायली माझ्या मोठ्या भावाकडं, दादाकडं. त्याची खासियत म्हणजे मुलाखतीची प्रॅक्टिस. मिठाईच्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यानं काउंटरची काच उचलून आणली होती. ती टेबलावर उभी करायची, पलीकडं गिऱ्हाईक उभं करायचं आणि अलीकडं दादा टाय लावून बसायचा. त्याच्या स्वतःच्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. पण तो काचेमागून "रिजेक्ट" म्हणाला की लोकांना खरोखर घाम फुटायचा.

दिवाळीनंतर मुरुडहून परत येताना अहमदपूरच्या अलीकडं एका ट्रकनं दादाच्या मोटरसायकलला उडवलं. तेव्हापासून दुकान मी चालवतो. वहिनी नर्स आहेत. त्यांना जर्मनीत नोकरी लागली होती, दोघं मिळून जाणार होते, फायली दादानंच केल्या होत्या. येत्या सोमवारी वहिनींची मुंबईला अपॉइंटमेंट आहे. त्या जाणार की नाही, हे परवापर्यंत घरात कोणालाच माहीत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं.

*

हिमायतनगरचे माधवराव. पोरगा अमेरिकेत, त्यानं आईबापाला बोलावलेलं. दादानं त्यांच्याकडून एकच प्रश्न घोटून घेतला होता, "परत येणार कशावरून?" उत्तर ठरलेलं: शेती आहे, घर आहे, धाकटा मुलगा इथंच आहे.

मुंबईला खिडकीसमोर उभं राहिल्यावर माधवराव सगळं विसरले. दुभाष्यानं तोच प्रश्न विचारला. हे म्हणाले, "साहेब, संक्रांतीच्या पुढंमागं तुमीच या आमच्या शेतात हुरड्याला. मी तिथं न्हाई दिसलो तर मंग बोला."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. हुरडा म्हणजे काय, हे समजावण्यातच म्हणे जास्त वेळ गेला. व्हिसा मिळाला.

माधवराव अमेरिकेहून वेळेआधीच परत आले आणि थेट दुकानात. "दादासाहेब, संक्रांत जवळ आली. साहेबाचा काही निरोप?"

"न्हाई अजून," दादा म्हणाला.

"मंग हुरडा भाजायला आगटी किती माणसांची करू?"

*

कंधारच्या एक मावशी होत्या. लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं होतं. दादानं काचेमागून विचारलं, "तिकडं किती दिवस राहणार?"

"बाळ बसायला लागलं की येते."

"मावशी, असं न्हाई. महिने सांगा."

"ते मी कसं सांगू? बाळानं सांगावं."

"साहेबाला आकडा लागतो."

मावशींनी बराच विचार केला. "आमच्या घरचे लेकरं पाचव्यातच बसतात. पण जावई लातूरकडचे हायत. त्यांच्याकडं सगळं सावकाश. सात धर."

दादानं टाय सैल केला. त्या दिवशी तो रिजेक्ट म्हणायचंच विसरला.

*

विष्णुपुरीच्या कॉलेजची पोरं यायची. इंग्रजी चांगलं, मार्क चांगले, बोलायला उभं केलं की नजर बुटांवर. एकाला दादानं विचारलं, "शिकायला जर्मनीच कामून?"

पोरगा म्हणाला, "सर, तुमीच म्हणालता."

*

हा किस्सा माझ्यामुळं झाला. उदगीरचे शिवलिंगप्पा, आडत व्यापारी. दुबईला लेकाकडं जाणार होते. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. आम्हीही लिंगायतच, मला त्याचं नवल नव्हतं. पण फ्लॅश मारला की भस्म चमकायचं आणि फोटोत कपाळाच्या जागी ट्यूबलाइट दिसायची. दोन-तीन फोटो वाया गेले. मी काही विचारबिचार न करता ओलं फडकं घेतलं आणि त्यांचं कपाळ पुसलं.

शिवलिंगप्पा ओरडले नाहीत. खुर्चीवरून उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "पूजा पुन्हा करावी लागंल." सरळ उदगीरला गेले. दुसऱ्या दिवशी पूजा करून, भस्म लावून परत हजर. दादाला म्हणाले, "ह्याच्यासकट काढ. पुसलं तर मला माझी बायको वळखत न्हाई."

दादानं फ्लॅश बंद करून, दारातल्या उजेडात त्यांना बसवून फोटो काढला. चालला. व्हिसा आला.

आणि दुबईच्या विमानतळावर त्यांना बाजूला घेतलं. तिथला माणूस एकदा फोटोकडं बघायचा, एकदा ह्यांच्याकडं. ह्यांना काही कळेना. मग लक्षात आलं, विमानाच्या गडबडीत त्या दिवशी भस्म लावायचं राहिलं होतं. शिवलिंगप्पा म्हणाले, "दोन मिन्टं." पिशवीतून डबी काढली, तिथंच उभ्या उभ्या तीन बोटं ओढली आणि चेहरा समोर केला.

सोडलं त्यांना.

*

सादिकभाई गवंडी, नांदेडचेच. सौदीला कामावर जायचं होतं. बोटांचे ठसे द्यायला गेले तर मशीन ठसेच घेईना. सिमेंट-चुन्यात बोटं पार गुळगुळीत झालेली. सादिकभाई दादाला म्हणाले, "भाई, मेरे हातां की लकीरांच मिट गई."

दादानं सांगितलं, काही दिवस काम बंद, हाताला तेल लावा. त्यांच्या बायकोनं ते फारच मनावर घेतलं. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना उचलू देईना, घासही भरवायची म्हणे. ठसे आले. सादिकभाई खूश.

पुढं कामाची चाचणी. घ्यायला आलेल्या माणसानं आधी हात हातात घेऊन बघितला, उलटा-पालटा केला आणि म्हणाला, "ये गवंडी नहीं है. ये तो कोई मुन्शी है."

मग सादिकभाईंनी विटा मागितल्या आणि त्याच्यासमोर भिंत उभी केली, तेव्हा काम झालं. जाताना दुकानात पेढे देऊन गेले. दादानं विचारलं, "भाभी काय म्हणतायत?"

"बोलती, जाव जल्दी. अब तांब्या तुम उठाव."

*

हे पुढचे दादानंतरचे.

वहिनींच्या अर्जासोबत दादाचाही अर्ज होता, नवरा म्हणून. तो रद्द करायला पाहिजे होता. मी कॉम्प्युटरवर बसलो. रद्द करायचं बटण सापडलं. ते दाबलं की कारण विचारतं. लिहायचं नसतं, दिलेल्यातलं निवडायचं असतं. बेत बदलला. तारीख सोयीची नाही. दुसऱ्या देशात जात आहे. चुकून अर्ज केला.

आमचं कारण त्यात नव्हतं. मग 'तारीख सोयीची नाही' वर क्लिक केलं. लगेच ईमेल आला. सोयीची तारीख निवडण्यासाठी इथं क्लिक करा.

*

दादाचा मोबाइल माझ्याकडं असतो. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतात. सुरुवातीला खरं सांगायचो. पण मग समोरचा माणूस रडायला लागायचा आणि मलाच त्याला पाणी प्या म्हणावं लागायचं. एकदा देगलूरहून एकाचा फोन आला, "सर हायत का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर गेलेत."

"बाहेर म्हंजे फॉरेनला?"

"हाव."

"वा. लोकांना पाठवता पाठवता सर सोताच गेले. आम्हाला तर लई थांबावं लागलं. त्यांचं एवढ्या लवकर कसं झालं?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो. "त्यांनी तिथला अर्जच केला नव्हता."

तो माणूस म्हणाला, "ओळख असंल वर." मी फोन ठेवला.

*

आत्या लातूरला राहतात. भेटायला आल्या. वहिनी आत चहा करत होत्या. आत्या मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नवरा जाऊन किती दिवस झाले अन् ही विमानात बसायली."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आत्या, तुमचा बी फॉर्म भरू का? दादाची जागा रिकामीच हाय."

आत्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, आधी आत्यांना कप दिला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आत्या गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही माझ्या बाजूनं भांडू नका. मी कोणत्या बाजूला हाय ते मलाच अजून कळंना."

*

आता परवाचा.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, मुरुडला किराणा दुकान चालवतात. आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून अप्पांना पाणी हवं असलं तरी ते आईला सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी आण." दादा गेल्यापासून आई कोणाशीच फारसं बोलत नाही. त्यामुळं ह्या दोघांचं तेवढंही बंद पडलं.

परवा अप्पा एकटेच नांदेडला यायला निघाले. आईचा फोन आला. "तिला जाऊ नको म्हणायला यायलेत. पण म्हणतील कसं, देव जाणे."

दुकानात पंखा एकच आहे आणि तो दादाच्या खुर्चीवर आहे. अप्पा आले आणि घाम पुसत तिथंच बसले. थोड्या वेळानं वहिनी ड्युटी संपवून दुकानात आल्या. अप्पांना बघून ओढणी डोक्यावर घेतली आणि काचेपलीकडं उभ्या राहिल्या. अप्पा पंख्याकडं बघतायत, वहिनी जमिनीकडं. मला असली शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, "अप्पा, वहिनींची प्रॅक्टिस राहिलीय. तुम्ही बसलेलेच हायत, तर विचारा काहीतरी."

मला वाटलं चिडतील. अप्पांनी टोपी नीट केली, खुर्ची पुढं ओढली.

"नाव?"

वहिनींनी पूर्ण नाव सांगितलं. मधलं नाव दादाचं.

"कुठं जाणार?"

"जर्मनीला."

"काय कामाला?"

"म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. उठवायचं, आंघोळ घालायची, वेळेवर गोळ्या द्यायच्या."

"इथं म्हातारी माणसं न्हाईत का?"

वहिनींनी मान वर केली. त्यांना अप्पांकडं असं समोरून बघताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"हायत, साहेब."

"त्यांना कोण बघंल?"

"भाऊजी बघतील."

मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "हाव."

"तू मधी बोलू नको," अप्पा म्हणाले. "तुझा नंबर न्हाई आला." मग पुन्हा काचेकडं वळले. "इथं राहायला काय अडचण हाय?"

वहिनी बोलल्या. आवाज हॉस्पिटलात बोलतात तसा होता, सरळ. "इथं जो येतो तो मला बघून रडतो, साहेब. आत्या रडतात, शेजारच्या रडतात, सासूबाई रडतात. मी सगळ्यांना समजावते. मला रडायला जागा न्हाई."

अप्पा टेबलावरून बोट फिरवत राहिले. तिथं धूळ नव्हती, मी सकाळीच पुसलं होतं.

"परत येणार?"

"माहीत न्हाई, साहेब."

ह्या उत्तरावर दादानं आजवर कोणाला पास केलं नव्हतं. मी वहिनींना खुणावत होतो, हो म्हणा, हो म्हणा. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. अप्पांनी मात्र बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मंजूर."

वहिनी तिथंच उभ्या राहिल्या.

"बाजूला हो, बाळा," अप्पा त्यांना म्हणाले. "पुढचा येऊ दे."

पुढचा कोणी नव्हता. दुकानात आम्ही तिघंच. मी जाऊन काचेपलीकडं उभा राहिलो.

"नाव?"

मी सांगितलं.

"घरात कोण कोण?"

"अप्पा, आई, दादा, वहिनी, मी."

"बरोबर," अप्पा म्हणाले.